दफ्तरात न चढलेली गाणी

अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नोंदविली त्यांत मेहकर सरकारचे नाव आहे; पुढे निजामाच्या अमदानीत परगण्यापरगण्यांचे वसुलाचे हिशेब राहिले; १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यानंतर शिवारन् शिवार मोजले जाऊन प्रत्येक शेताला क्रमांक आणि आकार मिळाला; आणि १९१० च्या सुमारास बुलढाणा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर सिद्ध होऊन त्यात येथील जातिजमाती, पिके, बाजार आणि यात्रा यांची तपशीलवार हकीकत छापली गेली. चार शतकांच्या या लेखनव्यवहारामुळे कोणत्या मौजात किती जमीन जिरायत होती, किती बागायत होती आणि तिच्यावर सारा किती बसत होता, हे आज आपल्याला कागद दाखवून सांगता येते. त्याच जमिनीत ज्वारी निंदणारी आणि तीच ज्वारी पहाटे जात्यावर दळणारी बाई काय गात होती, हे मात्र त्या कागदांतून कळत नाही, कारण त्यांचा तो विषयच नव्हता. जिल्ह्याच्या दफ्तरात जमीन चढली, जनावर चढले, आंब्याचे झाडही चढले. गाणे तेवढे बाहेर राहिले.

अलीकडे वऱ्हाडात लोकगीतांना पुन्हा दिवस आले आहेत. भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा भरतात आणि शेजारच्या जळगावात तर तिचा महोत्सवच भरतो. शाळांच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेल्या मुली जात्याभोवती बसून ओव्या म्हणतात. लग्नघरी हळदीच्या रात्री जुन्याच चालींवर नवे ठेके वाजतात. आणि मोबाइलच्या पडद्यावर वऱ्हाडी बोलीतील गाणी गावोगावची माणसे मोठ्या आवडीने पाहतात. ज्या बोलीला शाळेत आणि शहरात वर्षानुवर्षे हसे सोसावे लागले त्या बोलीतील गाणे आजची पोरे मान वर करून गातात, याचा आनंद मला कोणापेक्षाही कमी नाही. परंतु ज्या वस्तूची मोजदादच झालेली नाही तिचे पुनरुज्जीवन कसे करणार, हा प्रश्न या आनंदाच्या भरात कोणी विचारीत नाही. व्यासपीठावर तीच दहा-पंधरा गाणी पुनःपुन्हा येतात. जी पाठ असणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावात हयात आहेत, अशी कित्येक गाणी कधी वर येतच नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, उत्सवाआधी या जिल्ह्यात गाण्यांची रीतसर नोंद व्हावयास हवी, आणि ती गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, तिच्या गावानिशी, तिच्या बोलीतील उच्चारांनिशी आणि तिच्या चालीनिशी व्हावयास हवी.

हा जिल्हा गाण्याच्या दृष्टीने एकजिनसी नाही, हे बाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत आणि इथला माणूस आपली ओळख देताना आजही ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ हे आधी सांगतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा यांचा मुलूख मराठवाड्याला खेटून आहे, आणि तिथल्या ओवीच्या वळणात जालना-परभणीकडचा सूर सहज मिसळतो. घाटाखाली पूर्णेच्या काळ्या मातीत खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे. त्यांतल्या मलकापूर-मोताळ्याकडे खानदेशच्या बोलीची छाया पडते आणि बहिणाबाई चौधरींच्या आसोद्याला जी भाषा ऐकू येते तिच्या जवळची भाषा इथे कानी येते. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला आणि निहाल यांच्या वस्त्या. मेहकर-लोणारकडे बंजाऱ्यांचे तांडे, ज्यांच्या होळीच्या लेंगीगीतांनी रात्रीच्या रात्री जागतात. होळीच्याच सुमारास सैलानीच्या यात्रेत हिंदू-मुसलमान दोघेही जमतात आणि तिथे कव्वालीही ऐकू येते. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर चालतात, आणि बौद्ध वस्त्यांतील स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या गाण्यांचे भांडार तर पुष्कळ मोठे असूनही लोकगीतांच्या संग्रहात त्याला फार उशिरा जागा मिळाली. एका जिल्ह्यात एवढे सूर नांदत असता ‘वऱ्हाडी लोकगीत’ या एका नावाखाली सर्वांना कोंबणे हा सोयीचा व्यवहार झाला, न्यायाचा नव्हे.

भुलाबाईचेच पाहा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, म्हणजे महिनाभर, घरातल्या कोनाड्यात मातीचे भुलोजी-भुलाबाई बसतात. संध्याकाळ झाली की आळीतल्या मुली टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी होतात, आणि शेवटी त्या त्या घरची मुलगी झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवीत आतला खाऊ ओळखायला लावते. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर उभारून या दैवतांना निरोप दिला जातो. लहान मुलींचा हा खेळ म्हणून मोठ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले खरे, परंतु त्या गाण्यांत काय आहे हे पुरते ऐकले नाही. रुसून माहेरी बसलेल्या सुनेला आणावयास सासरा येतो, सासू येते, दीर येतो, नणंद येते, प्रत्येक जण काही ना काही आमिष दाखवितो आणि ती प्रत्येकाला नकार देते. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हा नकार कडव्याकडव्याने दृढ होत जातो. सासरी जाण्यापूर्वीच सासर म्हणजे काय याची तालीम त्या मुलीला चार-पाच स्वरांच्या एका चालीत मिळत असे, आणि तिथे ‘नाही’ कसे म्हणावे याचीही. स्पर्धेच्या सात मिनिटांत बसावे म्हणून आज नेमकी ही कडवी गाळली जातात व खिरापतीचे तेवढे ठेवले जाते, याची मला खंत वाटते.

पोळ्याच्या झडत्यांची गोष्ट वेगळी. श्रावणी अमावास्येला आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सजविलेले बैल ओळीने उभे राहिले की एकेक गडी पुढे होऊन खड्या आवाजात झडती म्हणतो आणि शेवटी महादेवाच्या नावाचा गजर होतो. झडतीत देव येतो, नंदी येतो, गावच्या पाटलाची थट्टा येते, आणि त्याच दमात कापसाचा पडलेला भाव, सावकाराचे देणे, न मिळालेली नुकसानभरपाई, निवडणुकीत दिलेली आश्वासने हेही येते. हा प्रकार अजून जिवंत आहे, कारण तो दरवर्षी नव्याने रचला जातो. ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या कमी झाल्या तरी झडती थांबली नाही. ज्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकावयास दुसरी जागा उरली नाही तो तोरणाखाली उभा राहून ते म्हणतो. एखाद्या महाविद्यालयाने लागोपाठ पंचवीस वर्षांच्या झडत्या एका गावात टिपून ठेवल्या असत्या, तर कोरडवाहू वऱ्हाडच्या शेतीचा त्याहून बोलका इतिहास दुसरा सापडला नसता.

जी गाणी मेली ती कशाने मेली, याबद्दल भावनेच्या भरात बरेच चुकीचे बोलले जाते. दूरचित्रवाणी आली, सिनेमा आला, नवी पिढी बिघडली, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः लोकगीत हे कामाच्या अंगाने वाढलेले असते आणि काम गेले की ते निराधार होते. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी पहाटेची ओवी हलली. आणि तरीही, दोन-तीन पायल्यांचे दळण हाताने ओढणे म्हणजे काय असते हे ज्यांनी भोगले त्या बायांनी गिरणीचे स्वागत केले हे योग्यच होते. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तेव्हा खळे गेले, मळणीच्या रात्री गेल्या, कणसे खुडणाऱ्या बायांची रांग गेली; सोयाबीन मळणीयंत्रात काही तासांत आटोपते आणि यंत्राच्या आवाजात कोणी गात नाही. निंदणाचे गाणे अजून कुठे कुठे टिकून होते, त्याच्यावर आता तणनाशक आले. हे सारे उलटे फिरवावे असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु काम संपले तरी ते काम केलेल्या बाया अजून आपल्यात आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, एवढ्याच एका गोष्टीवर माझे सारे म्हणणे उभे आहे.

ही परंपरा किती जुनी आहे याचे दाखले अचानक हाती येतात. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, अमरावतीकडील ऋद्धिपुरास, महदंबेने गोविंदप्रभूंसाठी लग्नाचे धवळे गाइले, आणि मराठीची पहिली कवयित्री म्हणून आज तिचे नाव आपण घेतो. महदंबा श्रेष्ठ होतीच. परंतु तिच्या काळी वऱ्हाडातल्या लग्नघरांत धवळे गाणाऱ्या दुसऱ्या स्त्रिया नव्हत्या असे कोण म्हणेल? तिचे शब्द उरले, कारण तिच्या पंथातील मंडळींना आपल्या माणसांचे बोलणे लिहून ठेवण्याची विलक्षण आस्था होती. लिहून घेणारा भेटला म्हणून एक नाव सातशे वर्षे टिकले.

बुलढाण्याच्या बाबतीत याहून बोचरे उदाहरण आहे. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध करणाऱ्या ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे येथील महसुली कचेरीत हेडक्लार्क होते, म्हणजे ज्या दफ्तराचा मी आरंभी उल्लेख केला त्याच दफ्तराशी त्या घराचा रोजचा संबंध होता. विधवेला, परित्यक्तेला, सासुरवाशिणीला समाज जे सोसावयास लावतो त्याचा जाब पुरुषवर्गाला इतक्या रोखठोक मराठीत त्याआधी कोणी विचारला नव्हता. मला ताराबाईंची ती भाषा वाचताना नेहमी वाटत आले आहे की, तिचा जिवंतपणा पुस्तकांतून आलेला नाही; म्हणी, शिव्याशाप, तळतळाट, नेमक्या जागी केलेली टोचणी, हे सारे जात्यापाशी, नदीवर, विहिरीवर बोलणाऱ्या आणि गाणाऱ्या बायांचे आहे, आणि ताराबाईंनी त्याला युक्तिवादाचा कणा दिला. हे माझे अनुमान आहे, आणि ज्याने त्या काळची गाणी टिपली असती त्यालाच ते पुरेपूर सिद्ध करता आले असते. ताराबाईंचे पुस्तक छापलेले असूनही विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित करीपर्यंत बहुतेक वाचकांना त्याचा पत्ताही नव्हता. छापील पुस्तकाची जर ही गत, तर जे कधी कागदावर उतरलेच नाही त्याची काय कथा?

पुढे याच बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून राजवटींचा आणि घराण्यांचा वृत्तान्त मोठ्या परिश्रमाने एकत्र केला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर उमटली आणि महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचली. म्हणजे इतिहास लिहिणारा जिल्ह्यात होता, कवी जिल्ह्यात होता आणि आवाज मुद्रित करण्याचे यंत्रही देशात आले होते. मेहकरच्या एका कवितेपर्यंत ते यंत्र आले, पण त्याच मेहकरच्या आसपास पहाटे दळणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचले नाही. यात कोणा एका व्यक्तीचा दोष नाही. गाणे म्हणजे कवीचे, आणि बाई गाते ती केवळ कामाची सोबत, ही समजूत त्या काळच्या सुशिक्षितांत सर्वत्र होती.

मराठीत लोकगीतांच्या संग्रहाचे काम थोर माणसांनी केले आहे, आणि त्यांच्याबद्दल मी आदरानेच बोलतो. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांची रास घातली, कमलाबाई देशपांडे, मालतीबाई दांडेकर यांनी स्त्रीगीते जमविली, दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले, वऱ्हाडापुरते पां. श्रा. गोरे यांनी आणि पुढे मधुकर वाकोडे यांनी आपापल्या परीने मोलाची भर घातली. तरीही त्या काळच्या पुष्कळशा संग्रहांत तीन उणिवा राहिल्या. गाणारीचे नाव बहुधा नाही, जणू गाणे आपोआप उगवले. चाल नाही, कारण छापील पानावर ती उतरत नाही. आणि बोली दुरुस्त केलेली असते: बाई ‘डोया’ म्हणाली तिथे ‘डोळा’ छापले जाते, ‘सकाय’ म्हणाली तिथे ‘सकाळ’, आणि मग यमक मोडते, ताल मोडतो व ते गाणे कोणत्या घाटाचे हेही कळेनासे होते. याखेरीज पुष्कळ कडू गाणी संपादकांच्या सोज्ज्वळपणामुळे मागे राहिली असावीत असे मला वाटते. मारणाऱ्या नवऱ्यावरच्या, दारूवरच्या, पाणवठ्यावर सोसलेल्या अपमानावरच्या ओव्या मी गावांत जितक्या ऐकल्या तितक्या जुन्या पुस्तकांत मला भेटत नाहीत.

या उणिवा भरून निघू शकतात हे पुण्याच्या एका कामाने सिद्ध केले आहे. मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून, एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल या संगीतज्ञाने त्यांतल्या पुष्कळ गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. पॉइटवँ २००४ साली गेले, राईरकरही आज नाहीत. परंतु २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहालयाने त्या ओव्या गाणारीचे नाव, गाव, जात, व्यवसाय आणि जमेल तिथे छायाचित्र यांसह लोकांसमोर ठेवण्यास आरंभ केला. मुळशीकडच्या एखाद्या शेतमजूर बाईचे नाव आज तिच्या ओवीखाली वाचावयास मिळते. महदंबेच्या नंतर एवढ्या संख्येने मराठी कष्टकरी स्त्रियांची नावे त्यांच्या शब्दांना चिकटून राहिल्याचे मला दुसरे उदाहरण ठाऊक नाही. वऱ्हाडात, आणि विशेषतः आपल्या जिल्ह्यात, त्या तोडीचे काम व्हावयाचे आहे.

बाहेर देशांत हेच काम राष्ट्रकार्य मानले गेले. बाल्टिक किनाऱ्यावरचा लाटविया हा लहानसा देश रशियाच्या अमलाखाली असताना क्रिश्यानिस बारोन्स याने खेड्याखेड्यांतून लोकांनी पाठविलेल्या चिमुकल्या चिठ्ठ्यांवरची दोन लाखांहून अधिक गीते लहान लहान खणांच्या एका कपाटात वर्गवारीने लावली आणि १८९४ ते १९१५ या काळात ती छापून काढली. ते कपाट त्या देशाने आजही राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे. हंगेरीत बेला बार्टोक याने १९०६ पासून मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांचे आवाज टिपले. आपल्याकडे राजस्थानात कोमल कोठारी यांनी १९६० साली बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्था काढून लंगा आणि मांगणियार गायकांना त्यांच्या नावानिशी जगापुढे नेले. या तिघांत मला बारोन्स सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याच्याकडे सत्ता नव्हती. खेड्यातले शिक्षक आणि वाचते लोक त्याला गाणी पाठवीत. असे शिक्षक आपल्या तेरा तालुक्यांत नाहीत काय?

काम कसे करावे, याविषयी अनुभवाची एक गोष्ट सांगतो. चिखली तालुक्यातल्या एका गावी ऐंशीच्या घरातल्या एका आजीला आम्ही ओव्या म्हणावयास सांगितले. खाटेवर बसून तिने दोन म्हटल्या आणि ‘आता काही आठवत नाही बाप्पा’ म्हणून गप्प झाली. तिच्या सुनेला काय वाटले कोण जाणे, तिने अडगळीतले जाते ओढून अंगणात मांडले आणि सासूला त्याच्यापाशी बसविले. आजीने मूठभर ज्वारीची वैरण घातली, खुंटा धरला, दोन-चार फेरे मुकाट्याने घेतले, आणि मग भावावरची, बापावरची, पंढरीची, दुष्काळात कामावर खडी फोडल्याची अशी एकामागून एक ओवी येऊ लागली. फेऱ्याला ओवीचा चरण आणि चरणाला फेरा अशी बांधणी तिच्या हातात होती, डोक्यात नव्हती. मध्येच ती थांबून एका ओवीबद्दल म्हणाली, ‘हे माह्या जावेचं गाणं व्हय, माहं नाही.’ ती जाऊ वारून कितीतरी वर्षे झाली होती. गाणे कोणाचे याची इतकी काटेकोर नोंद त्या निरक्षर बाईने मनात ठेवली होती, आणि आपण लिहिणारे लोक ‘पारंपरिक’ असा एक शब्द लिहून तिला आणि तिच्या जावेला एकदमच पुसून टाकतो.

म्हणून नोंदीचा नमुना साधा असावा, पण पुरा असावा: गाणारीचे नाव, वय, माहेर आणि सासर, कारण गाणे बाईबरोबर माहेराहून सासरी येते, गाणे कोणाकडून शिकली, कोणते काम करताना गात असे, शब्द जसे उच्चारले तसेच, आणि आवाज ध्वनिमुद्रित. जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, आणि मराठीत एम.ए. करणारी खेड्यातली मुले-मुली हे काम सहज उचलू शकतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, तेव्हा यंत्राची सबब आता चालणार नाही. एक प्रत बुलढाण्याच्या जिल्हा ग्रंथालयात राहावी आणि एक प्रत ज्या गावची गाणी त्या गावच्या शाळेत परत जावी. हे परत जाणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आजवर गाणी गावातून नेली जातात आणि पुण्या-मुंबईच्या कपाटांत राहतात. ज्या मुलीच्या पणजीने ती गायिली तिला ती कधी ऐकावयास मिळत नाहीत. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राने महोत्सवांवर खर्च करताना त्यातला काही हिस्सा अशा नोंदीसाठी राखून ठेवावा, आणि आकाशवाणीच्या जळगाव, अकोला, नागपूर या केंद्रांकडे जी जुनी मुद्रणे असतील त्यांच्या प्रती जिल्ह्याला द्याव्यात.

आदिवासी आणि तांड्यांवरच्या गाण्यांची निकड सर्वांत अधिक आहे. जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली ही भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुलाशी निश्चितपणे जोडता आलेली नाही. कुइपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि आज ती बोलणारे काही हजारच लोक आहेत. जगातले भाषाशास्त्रज्ञ ज्या भाषेचा शोध घेत आले, तिच्यातल्या अंगाईगीताची एक प्रत तिच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात असू नये, हे आम्हां बुलढाणेकरांना शोभत नाही. कोरकू आणि बंजारा गाणी मराठीत भाषांतर करून छापण्याची घाई करू नये. ती आधी त्यांच्या भाषेत, त्यांच्याच मुलांच्या हातून टिपली जावीत, आणि तशी टिपणारी शिकलेली मुले आज तांड्यातांड्यांत आहेत.

रंगमंचावरील पुनरुज्जीवनाला माझा विरोध नाही. लोकगीत कोणी ठेक्यावर गाइले म्हणून ते बाटत नाही. ते नेहमीच नवे वाद्य आणि नवी भर घेत आले आहे. माझी हरकत एवढीच की, ज्या बाईकडून चाल आणि शब्द घेतले तिचे नाव सांगितले जात नाही आणि तिला मोबदला मिळत नाही. ध्वनिफितीवर ‘पारंपरिक’ असे छापून संगीतकाराचे नाव ठळक घालणारा आणि ज्या म्हातारीने ते त्याला तिच्या ओट्यावर बसून शिकविले तिचा उल्लेख गाळणारा माणूस परंपरेची सेवा करतो असे मी मानीत नाही. तिची संमती घ्यावी, तिचे नाव घालावे आणि मिळकतीतला वाटा तिला द्यावा, हा साधा प्रामाणिकपणा आहे. नोंदवही असली तर तो पाळणे सोपे होईल आणि चुकविणे कठीण.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातली पंचवीस लाख शहाऐंशी हजार माणसे मोजली गेली. त्यांपैकी ज्या स्त्रियांनी तरुणपणी रोज जाते ओढले त्या आता सत्तरीच्या आणि ऐंशीच्या पुढे आहेत, आणि पुढच्या जनगणनांत त्यांतल्या फारच थोड्या असतील. जिल्हा परिषदेने हे काम हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. पण तिचा ठराव होईपर्यंत थांबू नये. वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी किंवा गावच्या वाड्यात अशी एखादी आजी, मावशी, काकू असेल तर येत्या रविवारी तिच्यापाशी बसा, जाते असेल तर बाहेर काढा, ती म्हणेल ते जसेच्या तसे टिपून घ्या, तिचा एक शब्दही सुधारू नका, आणि पानाच्या माथ्यावर तिचे पूर्ण नाव, माहेर आणि सासर लिहा.